सोपी जागा नाकारून निवडणूक हरलेला माणूस : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

कर्वेनगर (पुणे) : गावाकडून पुण्यात शिकायला, नोकरीला आलेली आपली कितीतरी पोरं कर्वेनगरात राहतात. या भागाला नाव मिळालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. हिंगण्याच्या माळावर त्यांनी बायकांच्या शिक्षणाचं काम उभं केलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच काळात पुण्यात आणखी एक महर्षी होऊन गेले, त्यांची आठवण मात्र कमी निघते. ते म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, जमखंडी संस्थानातला. घर मराठ्याचं, वडील वारकरी. घरात जातीपातीचा बाऊ नव्हता, पैशाची मात्र कायम ओढाताण. तशातच विठ्ठलराव पुण्याला आले आणि फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. पुढं वकिली करून चार पैसे मिळवता आले असते. पण ओढा धर्माकडं होता. प्रार्थना समाजाच्या संगतीत ते आले आणि १९०१ मध्ये धर्माचा अभ्यास करायला थेट विलायतेत ऑक्सफर्डला गेले. १९०३ मध्ये परत येऊन मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. उपासना चालवायची, प्रवचनं द्यायची, गावोगाव फिरायचं, हेच काम.

या फिरतीतच त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगारला रात्रीच्या वेळी अस्पृश्य समाजाची सभा होती. तिथं लोकांचे हाल ऐकून नुसत्या प्रवचनानं भागणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ ला, मुंबईत परळला त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. शाळा काढल्या, वसतिगृहं काढली. नुसती वर्गणी गोळा करून ते थांबले नाहीत, तर बायकामुलांसह त्याच वस्तीत राहायला गेले. बहीण जनाक्काही कामाला लागल्या. जातवाल्यांनी नावं ठेवली, पण ते मागं हटले नाहीत. पुण्यात नाना पेठेतला अहिल्याश्रम हे याच कामाचं फळ.

१९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला. त्यामागं शिंदे यांची बरीच खटपट होती.

खरी कसोटी लागली १९२० मध्ये. मुंबई कायदेमंडळाची निवडणूक होती. मराठ्यांसाठी राखीव जागा होती, तिथून उभं राहा, असा आग्रह झाला. पण जन्मभर जातिभेदाविरुद्ध बोलायचं आणि मतं मागताना जात पुढं करायची, हे त्यांच्या मनाला पटेना. ते पुण्यातून सर्वसाधारण जागेवर बहुजन पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले.

त्यांचं सगळंच सगळ्यांना पटलं असं नाही. अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांमधूनच यावा, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका होती. त्यावरून दोघांत मतभेद झाले. मिशनमध्येही कुरबुरी वाढल्या आणि १९२३ मध्ये शिंदे स्वतःच उभ्या केलेल्या संस्थेतून बाजूला झाले. दुःख झालंच असणार, पण काम सोडलं नाही.

शेतकऱ्यांनी तर त्यांना विसरूच नये. लहान जमिनींच्या तुकड्यांबाबत सरकारनं आणलेलं बिल गरीब कुणब्याची जमीन घालवेल, म्हणून १९२८ मध्ये पुण्यात मोठी शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष शिंदेच होते. विरोध एवढा वाढला की सरकारला ते बिल गुंडाळावं लागलं. १९३० च्या कायदेभंगात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते येरवड्याच्या तुरुंगातही गेले.

२ जानेवारी १९४४ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. आमदारकी कधी मिळाली नाही, मालमत्ताही मागं राहिली नाही. आज गावातल्या ग्रामपंचायतीपासून सगळीकडं तिकीट देताना आधी जातीची मतं मोजली जातात. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी हातातली सोपी जागा सोडणारा हा माणूस एकदा तरी आठवायला हवा.