निर्वासितांचे सोबती फादर अरुपे

फादर पेद्रो अरुपे यांना आपण येशूसंघाचे महाप्रमुख म्हणून ओळखतो. १९३२ साली स्पेनच्या सरकारने येशूसंघावर बंदी घातली, तेव्हा २४ वर्षांचे अरुपे स्वतःच मायदेशाला मुकले. पुढे ते जपानमध्ये मिशनरी झाले. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा त्यांनी मठाचेच इस्पितळ करून जखमींची शुश्रूषा केली.

युद्धानंतर व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेल्यांचे हाल ऐकून त्यांनी १९८० साली जेज्वीट रेफ्युजी सर्व्हिस सुरू केली. परमुलखात नव्याने उभे राहताना भाकरीबरोबर सोबतही लागते, हे त्यांनी अनुभवले होते. १९८१ साली थायलंडमध्ये निर्वासितांच्या सेवकांना भेटून परतताच त्यांना पक्षाघात झाला. १९९१ साली ते प्रभूघरी गेले.

घरदार गमावलेला कोणी आपल्या धर्मग्रामात आला, तर आपणही त्याचे सोबती होऊ या.