जमनालाल बजाज

जमनालाल बजाज (४ नोव्हेंबर १८८९ – ११ फेब्रुवारी १९४२) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील नेते, उद्योजक, समाजसुधारक आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. गांधीजींनी त्यांना आपला पाचवा पुत्र मानले होते. त्यांचा जन्म राजस्थानातील, परंतु वयाच्या पाचव्या वर्षापासून मृत्यूपर्यंत वर्धा हेच त्यांचे घर होते. साबरमतीनंतर गांधीजींच्या कार्याचे केंद्र विदर्भातील एका लहानशा गावी आले, त्यामागे मुख्यतः जमनालालजींचा आग्रह होता. आज बजाज हे नाव बहुतेकांना दुचाकी वाहनांमुळे ठाऊक असते; ती वाहने मात्र जमनालालजींच्या हयातीत निघालेली नव्हती.

जन्म आणि दत्तकविधान

जमनालालजींचा जन्म तत्कालीन जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वडील कनीराम व आई बिरदीबाई हे सामान्य स्थितीतील मारवाडी कुटुंब होते. त्यांचे दूरचे आप्त शेठ बच्छराज हे वर्ध्याला व्यापारानिमित्त स्थायिक झाले होते आणि सधन होते. त्यांचा मुलगा रामधनदास अकाली वारल्यामुळे घराण्याला वारस उरला नव्हता. बच्छराज व त्यांच्या पत्नी सदीबाई देशी गेले असता सदीबाईंच्या मनात हा मुलगा भरला आणि त्यांनी त्याला मागितले. आईवडिलांनी मुलाच्या बदल्यात पैसा घेण्याचे नाकारले. त्या कोरड्या मुलखात पाण्याचे दुर्भिक्ष असल्याने गावासाठी एक विहीर तेवढी बांधून देण्यात आली. १८९४ मध्ये जमनालाल बच्छराजांचे नातू म्हणून दत्तक गेले.

वर्धा त्या वेळी नवे शहर होते. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा तयार झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आले. पुलगाव, नाचणगाव, देवळी, आर्वी, हिंगणघाट हा सारा मुलूख कापसाचा. रेल्वे आल्यावर या भागात कापसाचा व्यापार वाढला आणि मारवाडी पेढ्याही आल्या. बच्छराजांची पेढी त्यांपैकीच एक.

जमनालालजींचे शालेय शिक्षण वर्ध्याच्या मराठी शाळेत जेमतेम चार वर्षे झाले. पुढे त्यांनी जे मिळवले ते व्यवहारातून आणि सत्संगातून. १९०२ मध्ये त्यांचा विवाह जावरा येथील जानकीदेवी यांच्याशी झाला.

वारसाहक्काचा त्याग

जमनालाल सतरा वर्षांचे असताना घडलेला एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली आहे. एका लग्नसमारंभास जाताना त्यांनी अंगावर रत्नजडित दागिने घालावेत असा बच्छराजांचा आग्रह होता. जमनालालांनी नकार दिला. बच्छराज तापट होते. रागाच्या भरात त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाला संपत्तीवरून लागेल असे बोलून घेतले. जमनालालांनी वाद घातला नाही. त्यांनी मुद्रांकित कागदावर एक पत्र लिहिले. आपण दत्तकपणाने मिळणाऱ्या सर्व मिळकतीवरील हक्क सोडत आहोत, अंगावरच्या कपड्यांखेरीज काहीही बरोबर नेत नाही आणि आजोबांविषयी मनात राग नाही, असा त्यातील आशय होता. पत्र ठेवून ते घराबाहेर पडले.

बच्छराजांना पश्चात्ताप झाला व समजूत घालून नातवाला परत आणण्यात आले. १९०७ मध्ये बच्छराज निवर्तले आणि सारा कारभार त्या तरुणाच्या हाती आला. कायद्याने ते मालक होते. आपण एकदा सोडलेली संपत्ती आपली नव्हे, ही जाणीव मात्र त्यांच्या मनातून गेली नाही. धनिकाने स्वतःस धनाचा विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या कानी पडला तो यानंतर कितीतरी वर्षांनी. चरित्रकार बहुधा जमनालालजींना गांधीविचाराचे फळ म्हणून दाखवतात. घटनांचा क्रम पाहता बीज आधीच पडलेले होते असे म्हणावे लागते.

व्यापार

त्या काळी कापसाच्या गाठी बांधताना वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारण्याची रीत होती. सगळेच करीत असल्याने त्यात कोणाला गैर वाटत नसे. जमनालालजींनी आपल्या पेढीत ती बंद केली. आरंभी तोटा दिसला, पण पुढे बच्छराज पेढीच्या मालाला बाजारात अधिक भाव मिळू लागला. बजाज उद्योगसमूहाची स्थापना १९२६ मध्ये झाल्याचे मानले जाते. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे त्यांनी साखर कारखाना काढला. मिळकत वाढत राहिली आणि दानही वाढत राहिले. त्यांच्या टीकाकारांना पहिली गोष्ट दिसे, चाहत्यांना दुसरी.

गांधीजींशी संबंध

तरुणपणी जमनालालजींवर लोकमान्य टिळकांचा प्रभाव होता. केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार असे कळल्यावर त्यांनी खाऊच्या पैशांतून साठवलेले शंभर रुपये तिला दिले होते. सरकारदरबारीही त्यांचे वजन होते: ते मानद दंडाधिकारी होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना रायबहादूर हा किताब मिळाला होता.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून १९१५ मध्ये परतल्यानंतर जमनालालजी त्यांच्या आश्रमात जाऊन राहू लागले. ते गुरूच्या शोधात होते आणि पारखून घेण्याचा व्यापारी स्वभाव त्यांनी इथेही सोडला नाही. बोलणे आणि वागणे यांत अंतर नसलेला माणूस सापडल्याची खात्री पटल्यावरच त्यांनी निष्ठा वाहिली. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागत समितीचे अध्यक्षपद जमनालालजींकडे होते. त्या वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली. आपल्या चार पुत्रांप्रमाणे आपणास पाचवा पुत्र मानावे, अशी ती मागणी होती. सामान्यतः माणूस मुलगा दत्तक घेतो. येथे एका माणसाने पिता दत्तक घेतला. स्वतः दत्तक गेलेल्या जमनालालजींना या नात्याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळत असावे.

असहकाराच्या चळवळीत त्यांनी रायबहादूर हा किताब परत केला, दंडाधिकारीपद सोडले आणि वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी टिळक स्वराज्य निधीस एक लाख रुपये दिले. जानकीदेवींनी दागिने व पडदा सोडला. घरातील विदेशी कापडाची होळी झाली. जमनालालजींच्याच विनंतीवरून गांधीजींनी विनोबा भावे यांना वर्ध्याच्या सत्याग्रह आश्रमासाठी पाठवले आणि ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास पोहोचले. वयाने सहा वर्षांनी लहान असलेल्या विनोबांना जमनालालजी गुरुस्थानी मानीत.

झेंडा सत्याग्रह आणि कारावास

१९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राष्ट्रीय झेंडा घेऊन जाण्यास सरकारने मनाई केली. तिच्याविरुद्ध १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला व त्याचे नेतृत्व जमनालालजींनी केले. देशाच्या सर्व भागांतून स्वयंसेवक येऊ लागले. जूनमध्ये जमनालालजींना अटक होऊन अठरा महिन्यांची सक्तमजुरी व तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली. पण नागपुरात बोली लावणारा कोणी मिळेना, म्हणून ती काठियावाडात पाठवावी लागली. त्यांच्या अटकेनंतर सत्याग्रहाची धुरा वल्लभभाई पटेल यांनी सांभाळली. ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या भागातून निर्विघ्न गेली आणि कैद्यांची सुटका झाली.

पुढे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते मुंबईजवळील विलेपार्ले छावणीचे प्रमुख होते व त्याबद्दल तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या श्रोत्यांमध्ये जमनालालजी होते. दीर्घकाळ ते काँग्रेसचे खजिनदार आणि कार्यकारिणीचे सदस्य राहिले.

लक्ष्मीनारायण मंदिर

वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजांनी बांधलेले, म्हणजे घराण्याच्या श्रद्धेचे स्थान. अस्पृश्यतानिवारण शिकवायचे तर आधी आपल्या देवळाचे दार उघडले पाहिजे, हे जमनालालजींना उघड दिसत होते. पण देऊळ विश्वस्त मंडळाच्या ताब्यात होते, आणि ज्ञातिबांधवांचा रोष ओढवून घेणे मारवाडी व्यापाऱ्याला राजद्रोहाच्या शिक्षेहून जड जाणारे होते. सरकारने तुरुंगात टाकले तर समाज हार घालतो. जातीने वाळीत टाकले तर लग्ने अडतात, पंगत तुटते, व्यवहारही अडखळतो. जमनालालजींनी घाई केली नाही, विश्वस्तांची मने वळवण्यात वेळ घालवला, आणि जुलै १९२८ मध्ये मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. त्यांनी आपल्या विहिरीही अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळ्या केल्या. इतक्या प्रतिष्ठित खासगी मंदिराचे दार मालकाने आपणहून उघडल्याची ही देशातील आरंभीची घटना. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आदल्या वर्षी झाला होता आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा पुढे दोन वर्षांनी सुरू झाला. त्या दोन्ही ठिकाणी हक्क मागणाऱ्यांना झुंजावे लागले, हे ध्यानात घेतले की वर्ध्याच्या घटनेचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात.

वर्धा आणि सेवाग्राम

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीस परतायचे नाही, असा संकल्प करून गांधीजी १९३० मध्ये दांडीयात्रेस निघाले होते. १९३३ मध्ये तो आश्रम त्यांनी विसर्जित केला. जमनालालजींचे वर्ध्यास येण्याचे निमंत्रण जुनेच होते. आता ते स्वीकारले गेले. जमनालालजींनी आपली बाग व घर दिले. दिवंगत मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी झाले. डिसेंबर १९३४ मध्ये तेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम पाहिले.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून काही कोसांवरच्या सेगाव येथे राहावयास गेले. गावच्या मालगुजारीत जमनालालजींचा मोठा हिस्सा होता आणि आश्रमाची जमीन त्यांचीच. नीट रस्ता नव्हता, टपालाची सोय नव्हती, हिवतापाचा उपद्रव होता. गांधीजींच्या प्रकृतीच्या काळजीने जमनालालजी अस्वस्थ असत. पण पित्याने खेडे निवडले होते आणि पुत्राला व्यवस्था लावणे भाग होते. गांधीजींची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

त्यानंतरच्या काळात वर्धा ही एक प्रकारे देशाची दुसरी राजधानी झाली. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका येथे होत आणि नेत्यांचा मुक्काम जमनालालजींच्या बजाजवाडीत असे. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये स्थापन झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये जमनालालजींनीच उभारलेल्या विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तीतून नयी तालीम ही शिक्षणयोजना पुढे आली. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ती वर्धा योजना म्हणून शिकवली जाते. पण योजनेच्या नावातले गाव कोणामुळे नकाशावर आले, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

जयपूर प्रजामंडळ

जन्मभूमीशी त्यांचा संबंध तुटलेला नव्हता. १९३८ मध्ये ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. संस्थानी प्रजेला नागरी हक्क मिळावेत अशी मंडळाची मागणी होती. डिसेंबर १९३८ मध्ये दरबाराने त्यांना राज्यात प्रवेशबंदी केली. बंदी मोडून ते फेब्रुवारी १९३९ मध्ये आत गेले. अखेर त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व ऑगस्टपर्यंत तसेच ठेवण्यात आले.

गोसेवा आणि अखेर

वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा कारावास घडल्यानंतर प्रकृतीच्या कारणाने त्यांची सुटका झाली. राजकारणात त्यांचे मन रमेनासे झाले होते. त्यांच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून स्वतःच्या दोषांचा जो सततचा हिशेब दिसतो, तो याच अस्वस्थतेचा भाग होय. पुत्र म्हणवून घेण्याची आपली योग्यता नाही, ही टोचणी त्यांना लागलेली असे. गांधीजींनी त्यांना गोसेवेचे काम सुचवले. १९४१ मध्ये गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजी वर्ध्याजवळ गोपुरी येथे गवताने शाकारलेल्या झोपडीत राहू लागले. १ फेब्रुवारी १९४२ रोजी गोसेवा परिषद झाली. दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारीस, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे अकस्मात निधन झाले. वय बावन्न वर्षांचे होते.

जानकीदेवींनी आपली संपत्ती गोसेवेच्या कामास अर्पण केली व स्वतः ते काम पुढे चालवले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. जमनालालजींना कमलनयन व रामकृष्ण हे दोन पुत्र आणि कमला, मदालसा व उमा या तीन कन्या होत्या. गांधीजींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार काकासाहेब कालेलकर यांनी संपादित केला आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. १९७० मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या नावाचे पुरस्कार १९७८ पासून दिले जातात. वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर आजही आहे.