पदवीच्या पलीकडची परीक्षा : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. मुंबईतील मोठ्या संस्थांपासून वाशीमसारख्या जिल्ह्यातील पाटबंधारे व बांधकाम कार्यालयांपर्यंत सर्वत्र एका वृद्ध, फेटाधारी, करारी चेहऱ्याच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो. कृष्णराजसागर धरणाचे शिल्पकार आणि म्हैसूरचे दिवाण म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सर्वांना परिचित आहेत. मात्र या कन्नडभाषक अभियंत्याची जडणघडण पुण्यात झाली आणि त्याच्या उमेदीची सुमारे चोवीस वर्षे तत्कालीन मुंबई इलाख्याच्या सेवेत गेली, याचे स्मरण महाराष्ट्रात अभावानेच होते. स्थापत्य अभियांत्रिकीच्या शिक्षणाचे ध्येय कोणते असावे आणि विद्यार्थ्याची पारख कशावरून व्हावी, या आजही चर्चेत असलेल्या प्रश्नांच्या दृष्टीने त्यांचे चरित्र विशेष बोलके आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घराणे विद्वानांचे, परंतु परिस्थिती बेताची. लहान वयातच पितृछत्र हरपले. पुढील शिक्षणासाठी ते बंगळूरला मामांच्या आश्रयाला गेले. सेंट्रल कॉलेजात शिकत असताना इतरांच्या मुलांना शिकवून त्यांनी स्वतःचा खर्च भागविला. १८८१ मध्ये मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळाली, तेव्हा पुढे शिकण्याची इच्छा होती, पैसा नव्हता. म्हैसूर संस्थानने दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे दार त्यांच्यासाठी उघडले.

मुळा-मुठेच्या संगमाजवळची ही संस्था म्हणजेच आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ. १८५४ मध्ये ती सुरू झाली ती पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल या नावाने. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे आणि इमारतींच्या कामांवर देखरेख करणारे कनिष्ठ कर्मचारी हवे होते. ते तयार करणे एवढाच संस्थेचा मूळ हेतू होता. पुढे मुंबई विद्यापीठाशी ती संलग्न झाली आणि लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग, अर्थात एल. सी. ई. ही पदवी तेथे मिळू लागली. विश्वेश्वरय्यांच्या काळात डॉ. थिओडोर कूक प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो.

त्या काळच्या मूल्यमापनाचे सूत्र सरळ होते. विद्यापीठाची परीक्षा, गुणानुक्रम आणि त्यावर ठरणारी सरकारी नेमणूक. गुणवत्ता यादीत अग्रस्थानी येणाऱ्यांना मुंबई सरकार साहाय्यक अभियंत्याच्या नेमणुकीची हमी देत असे. अशा मोजक्या जागांसाठी वर्षभराची स्पर्धा एका निकालावर येऊन ठेपे. परक्या भाषेच्या प्रांतातून आलेल्या, शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या या विद्यार्थ्याने १८८३ च्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. जेम्स बर्कले पारितोषिकही त्यांनाच मिळाले. बोरघाटातून लोहमार्ग नेणाऱ्या अभियंत्याच्या नावाचे हे पारितोषिक मानाचे समजले जाई. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या नाशिक येथे साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. परीक्षेने आपले काम चोख बजावले होते. मात्र ती संपली नव्हती.

पुढची परीक्षा पांझरा नदीने घेतली. खानदेशात धुळे परिसरात बदली झाल्यावर एका प्रवाहाखालून नळाची वक्रनलिका नेण्याचे काम नव्या अभियंत्याकडे आले. कागदावर हे काम पाठ्यपुस्तकातील उदाहरणासारखे होते. प्रत्यक्षात पावसाळा सुरू होता, नदीला पूर येत होते आणि खोदलेली जागा वाळूने भरून जात होती. पाऊस सरेपर्यंत काम थांबवावे, असे तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना हा सल्ला शिस्तभंगासारखा वाटला आणि त्यांनी कानउघाडणी केली. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढविला नाही. पुन्हा कामाला हात घातला, अडचणींतून वाट काढली आणि ते तडीस नेले. पुढे त्याच वरिष्ठांनी त्यांच्या कामाची प्रशंसा केली. तांत्रिक निर्णय योग्य असणे ही एक गोष्ट, आणि तो योग्य वेळी, योग्य रीतीने मांडून कामाची जबाबदारी पेलणे ही दुसरी. गुणपत्रिकेत या दुसऱ्या गोष्टीला रकाना नव्हता.

यानंतरच्या वर्षांत त्यांच्या बुद्धीला खरा वाव मिळाला. सिंध त्या काळी मुंबई इलाख्याचाच भाग होता. तेथील सक्कर शहराला सिंधू नदीचे पाणी पुरवायचे होते. पाणी गढूळ, आणि गाळणीच्या मोठ्या टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी आपोआप निवळत असे. तेच वर चढवून शहराला देण्याची योजना १८९५ मध्ये पूर्ण झाली. उपलब्ध पैसा, उपलब्ध निसर्ग आणि लोकांची गरज या तिन्हींचा मेळ घालणे हे अभियंत्याचे खरे काम, हे या छोट्या योजनेतून दिसून आले.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे तर अभियांत्रिकीच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. फाइफ तलाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयातून पावसाळ्यात पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी पडे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर प्रतिभारांच्या तत्त्वावर चालणारे दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडविले जाई. पातळी त्याहून वर गेली की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. साठ्याची पातळी त्यामुळे सुमारे आठ फुटांनी वाढविता आली. १९०३ मध्ये बसविलेल्या या दरवाजांचे पेटंट त्यांनी घेतले, परंतु सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचे मानधन मात्र घेतले नाही. हेच खडकवासला धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यानंतरच्या लोंढ्याने भंगले, तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते.

बंधारे आणि दरवाजे यांच्याइतकाच महत्त्वाचा त्यांचा दुसरा विचार होता तो पाणीवाटपाचा. दख्खनच्या कालव्यांवर ज्याची जमीन वर, त्याला भरपूर पाणी, आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा, अशी स्थिती होती. उसाला बेसुमार पाणी दिल्याने जमिनी चिबडत होत्या. विश्वेश्वरय्यांनी गट पद्धत सुचविली. गावागावांत जमिनीचे ठरावीक गट आखायचे, त्यांत उसाच्या क्षेत्राला मर्यादा घालायची, उरलेल्या क्षेत्रात हलक्या पाण्याची पिके आळीपाळीने घ्यायची आणि गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. नीरा कालव्यावर ही पद्धत अमलात आली. ज्या खानदेशात त्यांनी नोकरीचे पहिले धडे घेतले, तेथील पांझरा आणि मोसम नद्यांवर शेतकऱ्यांची स्वतःची फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली होती. एका फडात एकच पीक, पाळीपाळीने पाणी आणि सर्वांनी मिळून पाटाची देखभाल, असे तिचे स्वरूप होते. दोन्ही पद्धतींतील साम्य लक्षणीय आहे. गणित आणि जलशास्त्र यांच्या जोडीला अभियंत्याला शेती, समाज आणि न्याय यांचीही जाण हवी, हे या कामातून स्पष्ट होते.

एवढे होऊनही मुंबई सरकारच्या सेवेतील सर्वोच्च पद त्यांच्या हाती येण्याची चिन्हे नव्हती. मुख्य अभियंत्याचे पद इंग्रज अधिकाऱ्यांचेच, असा अलिखित दंडक होता. परीक्षेत पहिला येऊ शकणारा भारतीय सेवेत मात्र पहिला होऊ शकत नव्हता. ज्या व्यवस्थेने गुणानुक्रम हा निवडीचा आधार मानला, तिनेच एका टप्प्यानंतर त्याकडे पाठ फिरवली. १९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी स्वेच्छेने सेवेचा निरोप घेतला.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले आणि हजारो लोक प्राणास मुकले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडविणारे जलाशय बांधण्याची त्यांची योजना पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या रूपाने साकारली. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे त्यांनी दिवाणपद सांभाळले.

दिवाण म्हणून त्यांनी शिक्षणाला अग्रक्रम दिला. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. १९१७ मध्ये बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हैसूरच्या मुलाला अभियंता होण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागू नये, ही या मागची साधी प्रेरणा. पुण्याच्या संस्थेचे मूळ ध्येय खात्याला माणसे पुरविणे हे होते. विश्वेश्वरय्यांच्या मनातील ध्येय अधिक व्यापक होते. कारखाने, वीज, शेती आणि नगररचना यांतून प्रदेशाची उत्पन्नक्षमता वाढविणारी पिढी त्यांना घडवायची होती.

याच काळात त्यांच्या विचारांची मर्यादाही उघड झाली. संस्थानातील सरकारी नोकऱ्या प्रामुख्याने ब्राह्मणांच्या हाती होत्या. ब्राह्मणेतर समाजांना त्यांत वाटा मिळावा यासाठी महाराज कृष्णराज वडियार यांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, हा विश्वेश्वरय्यांचा आग्रह. त्यांनी या धोरणाला विरोध केला आणि दिवाणपद सोडले. स्वतः शिकवण्या करून शिकलेल्या आणि गुणांच्या बळावर वर आलेल्या माणसाला परीक्षा हाच न्यायाचा सर्वांत स्वच्छ मार्ग वाटणे स्वाभाविक होते. परंतु परीक्षा मोजते ती दालनात पोहोचलेल्यांनाच. दालनापर्यंत पोहोचण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या कोणासाठी बंद होती, हे तिच्या गुणांत दिसत नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्येच नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवताना हाच मुद्दा ओळखला होता. इंग्रजी सेवेतील वर्णभेदाच्या भिंतीशी स्वतः थबकलेल्या विश्वेश्वरय्यांना ही दुसरी भिंत तितक्या स्पष्टपणे दिसली नाही.

तांत्रिक शिक्षणाशी त्यांचे नाते मात्र अखेरपर्यंत टिकले. १९२१ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या समितीत एकमत झाले नाही. तरीही इलाख्यातील तंत्रशिक्षणाची चर्चा तिने पुढे नेली. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची धुरा वाहिल्याबद्दलचे मानधन त्यांनी तरुणांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी देऊन टाकले आणि १९४३ मध्ये बंगळूरला श्री जयचामराजेंद्र व्यवसाय संस्था उभी राहिली. १९५५ मध्ये भारतरत्न किताबाने त्यांचा गौरव झाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

विदर्भानेही त्यांचे नाव आपलेसे केले. १९६० मध्ये नागपूरला सुरू झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून कार्यरत आहे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. तेव्हापासून अभियांत्रिकी पदवीच्या मूल्यमापनाची भाषाही बदलली. विद्यार्थ्याला किती गुण मिळाले, याच्या जोडीला तो काय करू शकतो, हे तपासण्याची अपेक्षा आली. विषयज्ञान आणि आराखड्याबरोबर समाज, पर्यावरण, नीतिमत्ता, संघकार्य, संवाद आणि आजन्म शिकण्याची वृत्ती हीही पदवीची ध्येये म्हणून लिहिली जाऊ लागली. पांझरेच्या पुरात, सक्करच्या वाळूत आणि नीरेच्या पाटावर विश्वेश्वरय्यांची जी पारख झाली, ती नेमकी याच गुणांची होती. ध्येये कागदावर आली; ती गुणदानाच्या तक्त्यांत अडकू न देता शिवारापर्यंत नेणे, हे शिक्षकांपुढील आजचे आव्हान आहे.

वाशीम जिल्ह्याला या आव्हानाचे मोल अधिक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा जलविभाजकावर वसला आहे. काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. पडलेला पाऊस दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि काळी माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळते. येथे पाणी अडविणाऱ्या बंधाऱ्याचा पाया आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला पोहोचणारे पाणी या दोन गोष्टींवर अभियंत्याची पारख होते. रिसोड, मालेगाव किंवा मानोऱ्याच्या खेड्यातून शिष्यवृत्तीवर शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याची स्थिती १८८१ मध्ये पुण्याला आलेल्या त्या तरुणाहून फार निराळी नाही. त्याला परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागेल. त्यापुढे, आपल्याच गावच्या नाल्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येण्याइतके शिक्षण त्याच्या पदरात पडले, तर अभियंता दिनाच्या पुष्पहाराला अर्थ राहील.