लेबर कॅम्प कोणाला म्हणायचे?

लेबर कॅम्प म्हटले की जगाला सैबेरिया आठवतो. आपल्याला माटुंगा आठवतो! धारावीला लागून असलेल्या या वस्तीत दलित, कष्टकरी माणूस राहत होता. तिथे ना तारेचे कुंपण, ना पहारा. वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले तुकाराम भाऊराव साठे याच वस्तीत अण्णाभाऊ झाले. दीड दिवसाची शाळा. अक्षरओळख दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. कॅम्पातल्या डासांवर त्यांनी गाणे रचले आणि पुढे अमर शेख, गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभे केले. (ते लाल बावट्याचे होते, हे आपल्यातल्या काही मंडळींना अजून खटकते. खटको.)

मग खरा लेबर कॅम्प कुठे होता? सोलापुरात! गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधाराने तिथे वसाहत उभी राहिली. भोवती तारेचे कुंपण, रोजची हजेरी, बाहेर पडायला परवाना आणि राबायला गिरणी. गुन्हा एकच, जन्म. त्या तुरुंगाचे नाव मात्र सेटलमेंट! जिथून माणूस उठून जाऊ शकतो ती वस्ती आणि जिथून जाऊ शकत नाही ती छावणी, एवढा साधा फरक सरकारी नावाने उलटा करून टाकला. तारा १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावर सुटल्या, शिक्का सुटला नाही.

ही हजेरी अण्णाभाऊंनी ‘फकिरा’त आणली. १९५९ ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. तिच्यातला मांग इंग्रजांच्या दप्तरात गुन्हेगार आहे आणि दुष्काळात उपाशी गावाला धान्य लुटून देणारा तोच आहे. ज्याला सरकारने चोर ठरवले, त्याला अण्णाभाऊंनी नायक केले.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियाला गेले आणि भारावून परतले. त्या देशातही लाखो माणसे कुंपणाआड राबवली गेली होती, आणि त्या छावण्यांच्या सरकारी नावात ‘सुधारणा’ हा शब्द होता. गुलागचा मध्यवर्ती कारभार त्यांच्या भेटीच्या आदल्याच वर्षी, १९६० मध्ये, गुंडाळला गेला होता. अण्णाभाऊंवर प्रेम असले तरी हे आपण सांगितले पाहिजे. सेटलमेंट सोसलेल्यांनी नाही सांगायचे तर कोणी सांगायचे?

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. त्यांची कीर्ती परदेशात पोचली होती. घर मात्र बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतले होते.