तंजावरचे पाळक श्वार्ट्झ

पुनरुत्थानाचा सण जवळ आला की मंडळीत लगबग सुरू होते. गायनाच्या तालमी, मंदिराची सजावट, पहाटेच्या उपासनेची तयारी, दफनभूमीतील कबरांची साफसफाई, अशी कामे सर्वजण वाटून घेतात. भोपाळसारख्या शहरात नोकरीधंद्यासाठी गेलेली आपली मराठी कुटुंबे हा सण बहुधा हिंदी उपासनेत साजरा करतात. मध्य प्रदेशातील लुथरन मंडळी तर स्वीडिश मिशनऱ्यांनी १८७७ पासून केलेल्या कार्यातून उभी राहिली. तिच्या बाकांवर निरनिराळ्या बोलींची व घराण्यांची माणसे शेजारी बसतात. अशा मंडळीत पुनरुत्थानाची आशा एका सकाळीपुरती न राहता वर्षभर कशी दिसावी? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्ही अठराव्या शतकातील एका लुथरन पाळकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे कार्य तमिळ देशात झाले. पण तंजावरच्या गादीवर त्या वेळी भोसले राजे असल्यामुळे त्यांच्या आयुष्यात मराठी माणसांना मोठे स्थान होते.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील झोनेनबुर्ग या गावी झाला. ते लहान असतानाच आई वारली. मरण्यापूर्वी तिने हे मूल देवाच्या सेवेसाठी वाहिले होते. पुढे ते हाले येथे शिकण्यास गेले. तेथे आउगुस्त हेरमान फ्रांके यांनी उभारलेले मोठे अनाथगृह होते. शास्त्राभ्यास आणि पोरक्या मुलांचा सांभाळ या दोन गोष्टी तेथे एकाच आवारात चालत. हा संस्कार श्वार्ट्झ यांच्यावर जन्मभर राहिला. तमिळ देशातून परत आलेले मिशनरी शुल्ट्झे तेथेच होते. त्यांच्याकडून श्वार्ट्झ तमिळ शिकू लागले. १७४९ साली कोपनहेगन येथे त्यांची दीक्षा झाली व १७५० च्या जुलैत ते तरंगमबाडीला पोहोचले. झिगेनबाल्ग यांनी १७०६ मध्ये सुरू केलेले मिशन तेथे होते. थोड्याच महिन्यांत नव्या पाळकाने तमिळमध्ये उपदेश केला.

सुमारे बारा वर्षे तरंगमबाडीत काढल्यावर ते तिरुचिरापल्लीस गेले. तेथील त्यांची राहणी पाहून इंग्रज अधिकाऱ्यांना नवल वाटे. वर्षाला ४८ पौंड मिळत. एका जुन्या इमारतीतील लहानशी खोली, साधे काळे कापड आणि भात-भाजीचे जेवण एवढ्यावर ते भागवीत. उरलेला पैसा शाळा, गरीब आणि मंदिर यांच्याकडे जाई. त्यांनी लग्न केले नाही. फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज या भाषा ते शिकले, आणि तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर मराठीही शिकले. १७७८ पासून तंजावर हेच त्यांचे घर झाले.

त्याच वर्षी त्यांनी एका मराठी ब्राह्मण विधवेला बाप्तिस्मा दिला. ही बाई एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाला राहत होती व त्याच्याकडूनच तिला ख्रिस्ती धर्माचे ज्ञान झाले. तिने पूर्वीच बाप्तिस्मा मागितला होता, पण त्या दोघांचा संबंध विवाहाचा नसल्यामुळे श्वार्ट्झ यांनी तो दिला नाही. अधिकारी मरण पावल्यावर तिची मागणी त्यांनी मान्य केली आणि तिचे नाव क्लोरिंदा ठेवले. पाळयंकोट्टई येथे तिने लोकांना जमवले, गरिबांना जवळ केले आणि पुढाकार घेऊन मंदिर बांधले. १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांनी त्या मंदिराची प्रतिष्ठा केली. तेथील मंडळीच्या १७८० च्या यादीत सुमारे चाळीस नावे आहेत, निरनिराळ्या जातींची, आणि त्यांत पहिले नाव या मराठी बाईचे आहे. जिला कुणी आपल्या पंक्तीला घेतले नसते, तिच्यापासून तिरुनेलवेलीच्या मोठ्या मंडळीचा आरंभ झाला.

श्वार्ट्झ यांच्या शब्दाला केवढी किंमत होती, हे संकटाच्या काळात दिसले. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला पाठवले, कारण इंग्रजांच्या इतर वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. प्रवासखर्चासाठी हैदरने दिलेली रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता तंजावर येथील अनाथ मुलांच्या शाळेला लावली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले व तंजावरवर दुष्काळाची धाड आली. श्वार्ट्झ यांनी आधीच तांदूळ साठवून ठेवला होता, त्यावर पुष्कळांचे प्राण वाचले. किल्ल्यात धान्य संपले तेव्हा शेतकरी आपले बैल व धान्य आणण्यास तयार होईनात. सरकारने व राजाने पूर्वी त्यांचे पैसे बुडवले होते. पैसे मिळतील अशी हमी श्वार्ट्झ यांनी स्वतः दिली. मग बैल आले, धान्य आले आणि ठरल्याप्रमाणे प्रत्येकाला पैसेही मिळाले.

१७८७ साली तुळजाजी महाराज मरणशय्येवर होते. सुमारे दहा वर्षांचा दत्तक मुलगा सरफोजी याला त्यांनी श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवू पाहिले. राज्यकारभार आपल्या अंगावर घेणे योग्य नाही, असे जाणून श्वार्ट्झ यांनी तो भार नाकारला, पण मुलाला अंतर दिले नाही. राजाचे भाऊ अमरसिंह गादीवर आले आणि सरफोजी कोंडला गेला. तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे दाद मागितली, मुलाला शिकवले आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासला सुरक्षित पोहोचवले. त्याचा दत्तक हक्क पुन्हा तपासला जावा म्हणूनही ते झटले. या सर्व वर्षांत, ख्रिस्ती झालास तर मदत करीन, अशी अट त्यांनी कधी घातली नाही. सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले, तरी त्यांनी श्वार्ट्झ यांना पित्याप्रमाणे मानले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूमध्ये निजले. शेवटच्या दुखण्यात सहकारी व तमिळ उपदेशक त्यांच्या बिछान्याभोवती बसून गीते गात आणि शक्ती असेपर्यंत तेही गाण्यात सामील होत. वीस वर्षांचे सरफोजी अंत्यदर्शनासाठी आले, रडले, देहावर जरीचे वस्त्र घातले आणि कबरेपर्यंत चालत गेले. वाटेने गीते गायची असे ठरले होते, पण जमलेल्या गोरगरिबांचा आक्रोश इतका मोठा होता की गाता येईना. श्वार्ट्झ यांची सर्व मिळकत मिशनच्या कामासाठी होती. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढे त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना घातला, आणि लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये ते आजही आहे. त्यात मरणोन्मुख पाळक आणि त्यांचा हात हाती धरलेला तरुण राजा दिसतो.

इतके थोर जीवन सांगताना त्यातील उणीव झाकणे आम्हाला बरोबर वाटत नाही. तंजावरच्या मंडळीत निरनिराळ्या जातींचे लोक वेगवेगळे बसत. श्वार्ट्झ यांना हे आवडत नव्हते, पण जोर न करता हळूहळू सुधारणा होईल असे त्यांनी धरले. ती झाली नाही. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद चालणार नाही असा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. श्वार्ट्झ यांचेच शिष्य, नामवंत तमिळ कवी वेदनायगम शास्त्री हेही जुन्या रिवाजाच्या बाजूने उभे राहिले. ज्या पाळकाने राजपुत्र आणि अनाथ मूल यांना सारखेच जवळ केले, त्याच्या मंदिरात बाके वेगळीच राहिली. मृत्यूने ख्रिस्ताला अडवले नाही, असे मानणाऱ्या मंडळीला जातीने अडवावे, हे दुःख आपल्या मराठी मंडळ्यांनाही अनोळखी नाही.

पुनरुत्थानाची आशा म्हणजे मेलेल्यांबद्दलचे सांत्वन एवढेच आपण पुष्कळदा समजतो. ते सांत्वन खरेच आहे. भोपाळच्या लोकांनी १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर किती कबरी खणल्या आणि किती चिता पेटवल्या, हे आठवले की त्या सांत्वनाची गरज कळते. परंतु कबरेवर फुले वाहून झाल्यावर मागे राहिलेल्या विधवेच्या, पोरक्या लेकराच्या, आजारी शेजाऱ्याच्या दाराशी कोण जातो? मृत्यूला शेवट न मानणारा माणूस तेथे जायला भीत नाही, पैसा साठवीत नाही आणि दिलेला शब्द मोडत नाही. श्वार्ट्झ यांच्या आयुष्यात हीच आशा दिसते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. या सणाला मुलांना रिकाम्या कबरेची गोष्ट सांगितल्यावर तंजावरच्या पाळकाची, क्लोरिंदाबाईंची आणि सरफोजी राजांचीही गोष्ट सांगावी. बाकांची गोष्टही गाळू नये. मग मुलांना घेऊन मंडळीतील एखाद्या एकट्या पडलेल्या घरी जावे. आणि सणाच्या जेवणाला पंक्ती बसतील तेव्हा कोण कोणाशेजारी बसले आहे, इकडे मंडळीच्या वडिलांनी लक्ष द्यावे. तंजावरात जे राहून गेले, ते आपल्या मंडळीत राहू नये.