तारांच्या कंपनांचे अभ्यासक : सर चंद्रशेखर व्यंकट रामन

मिरजेचे तंबोरे आपल्या बेळगाव-निपाणी भागातील गवयांना सुपरिचित आहेत. तंबोऱ्याची तार छेडली की ती जागच्या जागी मागेपुढे हलू लागते. या हालचालीस आंदोलन म्हणतात, आणि एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येवर स्वराची उंची ठरते. ताण तोच ठेवून तारेची लांबी निम्मी केली तर आंदोलने दुप्पट होतात. लांबी तीच ठेवून ताण चौपट केला तरीही ती दुप्पटच होतात. या साध्या नियमांपलीकडे जाऊन आपल्या वाद्यांचे रहस्य ज्यांनी उलगडले, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर चंद्रशेखर व्यंकट रामन.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील अध्यापक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम. ए. होऊन १९०७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, रामन कलकत्त्यास सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. परंतु त्यांचे चित्त हिशेबाच्या वह्यांत रमेना. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत ते कचेरीच्या आधी पहाटे व कचेरी सुटल्यावर रात्री प्रयोग करीत. असा क्रम दहा वर्षे चालला. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद मिळताच, वेतन कमी असूनही, त्यांनी मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडली.

तार सबंध हलते, त्याच वेळी तिचे दोन, तीन, चार असे समभागही हलत असतात. त्यांतून मूळ स्वराबरोबर उपस्वर उमटतात. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो बिंदू ज्या उपस्वरात स्थिर राहावयाचा, तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम होता. तंबोऱ्यात मात्र तसे उपस्वरही ऐकू येतात. रुंद, किंचित वक्र घोडी आणि तारेखालचा जवारीचा दोरा यांमुळे हे घडते, असे रामन यांनी १९२१ साली दाखविले. साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात; पण मृदंगाच्या मध्यावरील शाईच्या भारामुळे ते सुरेल प्रमाणात येतात, हेही त्यांनी सिद्ध केले. आपल्या अनाम कारागिरांनी केवळ कानाने जे साधले होते, त्याला अशा रीतीने शास्त्राची साक्ष मिळाली.

पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाविषयीचा त्यांचा जगप्रसिद्ध शोध लागला आणि १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ पासून त्यांचे वास्तव्य बंगळूरास होते. तेथेच २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी भजनात पखवाज वाजू लागेल, तेव्हा त्याच्या शाईकडे लक्ष द्या. जिज्ञासू मनाला प्रयोगशाळेचे दार कोठेही उघडते, हेच या थोर पुरुषाचे चरित्र आपणांस शिकविते.