ओळख थोरांची : डॉ. रिचर्ड ब्राइट



मागे एका शनिवारी वर्गात शरीराच्या अवयवांचा पाठ झाला. नाक, कान, गुडघा, कोपर सगळ्यांना आले. 'मूत्रपिंड' हा शब्द आला आणि सगळे गप्प! एका छोट्याने तर शंकराच्या देवळात असते तीच का ही पिंड, असे विचारले. म्हणून या अंकासाठी थोर व्यक्तीची ओळख लिहायची ठरली, तेव्हा आम्ही मूत्रपिंडांच्या डॉक्टरांची निवड केली. आम्ही स्वतः डॉक्टर नाही, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे इंजिनिअर आहोत. पण हा विषय आमच्या घरात शिरला आहे. कसा, ते शेवटी सांगू.

मूत्रपिंड म्हणजे किडनी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, साधारण आपल्या मुठीएवढे. रक्तातली घाण आणि जास्तीचे पाणी गाळून त्याची लघवी करायची, हे त्यांचे काम. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी ती गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे शरीराला परत देतात. लघवी होते ती फक्त दीड-दोन लिटर. आपली चहाची गाळणी यापुढे काहीच नाही!

रिचर्ड ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी ब्रिस्टल शहरात, एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी झाला. एडिंबरोला ते वैद्यकी शिकू लागले. पण फिरण्याची हौस दांडगी. १८१० साली ते थेट आइसलँडच्या मोहिमेवर गेले आणि तिथली झाडे आणि प्राणी यांच्या नोंदी करून आले. पुढे व्हिएन्ना आणि हंगेरीत भटकले. त्या प्रवासावर त्यांनी १८१८ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिले, त्यातली चित्रेही स्वतःच काढली. हंगेरीतल्या जिप्सी लोकांविषयी आणि त्यांच्या भाषेविषयीही त्यात लिहिले आहे. मुलांनो, जिप्सींची भाषा मुळात भारतातून गेलेली. त्यांच्या भाषेतही पाण्याला 'पानी' आणि नाकाला 'नाख' म्हणतात बरं का!

जे दिसेल ते नीट पाहायचे, लिहून ठेवायचे, जमल्यास चित्र काढायचे. ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१८२० साली ते लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून रुजू झाले. इल्फर्डहून गाडीने लिव्हरपूल स्ट्रीटला उतरायचे, चालत लंडन ब्रिज ओलांडायचा, की हे हॉस्पिटल आलेच. आज ते शार्डच्या उंच इमारतीला लागून आहे.

त्या काळी अंगावर सूज घेऊन पुष्कळ गरीब रोगी तिथे येत. चेहरा, पाय, पोट सगळे सुजलेले. सूज हाच रोग, असे डॉक्टर समजत. अशा काहींच्या लघवीत प्रथिने जातात, हे ब्राइट यांच्या आधीही काही डॉक्टरांनी पाहिले होते. मरण पावलेल्यांची मूत्रपिंडे कधी कधी खडबडीत आणि आकसलेली दिसत, तेही पाहिले होते. पण सूज, लघवी आणि मूत्रपिंड ही तीन टोके कोणी नीट जोडली नव्हती. ती ब्राइट यांनी जोडली.

त्यांची तपासणी किती साधी होती पाहा. चमचाभर लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरून तापवायची. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो ना, तसा साका तयार झाला की समजायचे, लघवीतून प्रथिने जात आहेत. (हा प्रयोग घरी करू नका, आईचा चमचा वाया जाईल!) ते रोग्याची रोजची नोंद ठेवत. जॉन बोस्टॉक या रसायनतज्ज्ञाकडून रक्त आणि लघवी तपासून घेत. रोगी दगावला तर शवविच्छेदन करून मूत्रपिंडे पाहत आणि त्यांची रंगीत चित्रे काढून घेत. हे सारे त्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने छापले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराला जगभर 'ब्राइटचा रोग' म्हणत.

आमच्या कामात एखादी आज्ञावली बिघडली की चूक दिसते एका जागी आणि सापडते भलत्याच जागी. नोंदी नीट असतील तरच ती सापडते. ब्राइट यांनी वेगळे काय केले? सूज पायावर दिसत होती, पण चूक त्यांनी मूत्रपिंडात शोधून काढली.

१८३६ मध्ये त्यांनी अशा १०० रोग्यांचा तक्ता छापला. त्यात निम्म्याहून जास्त जणांचे हृदय मोठे आणि जाड झालेले होते. मूत्रपिंड बिघडले की हृदयालाही त्रास होतो, हे त्यातून पुढे आले. १८४२ साली तर गायज् हॉस्पिटलने सहा महिन्यांसाठी दोन वॉर्ड, मिळून ४२ खाटा, आणि एक प्रयोगशाळा फक्त मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी राखून ठेवली. एकाच रोगाचे रोगी एकत्र ठेवून असा अभ्यास करणे तेव्हा अगदी नवीन होते.

पण एक गोष्ट खरीखुरी सांगायला हवी. रोग ओळखता आला तरी ब्राइट यांना तो बरा करता आला नाही. रक्त काढणे, जुलाब देणे एवढेच उपाय तेव्हा होते. तरी त्यांनी नोंदी सोडल्या नाहीत. १६ डिसेंबर १८५८ रोजी ते हृदयाच्या विकाराने वारले.

त्या नोंदींवरूनच पुढचे लोक चालले. त्यातले एक म्हणजे फ्रेडरिक अकबर महंमद. नाव ओळखीचे वाटते ना? १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाची खाणावळ काढणारे पाटण्याचे शेख दीन महंमद, त्यांचे हे नातू. तेही गायज् हॉस्पिटलमध्येच शिकले. मनगटावर यंत्र लावून नाडीची रेघ कागदावर उमटवायची, असे त्यांचे काम. पुष्कळांचा रक्तदाब आधी वाढतो आणि लघवीत प्रथिने मागाहून येतात, हे त्यांनी १८७० च्या दशकात दाखवले. १८८४ साली, अवघ्या ३५ व्या वर्षी, ते विषमज्वराने गेले. पुढे १९४३ मध्ये हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी डायलिसिसचे यंत्र रोग्यासाठी वापरले. १९५४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले.

आता घरची गोष्ट. आमच्या थोरल्या काकांना वीस वर्षे मधुमेह. पाय सुजले तेव्हा ते म्हणाले, एस्टीचा प्रवास झाला म्हणून सुजले असतील. आम्हीही फोनवर हो म्हटले. लघवी तपासायचे कोणाच्या मनातच आले नाही. कळले तेव्हा मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास त्यांना डायलिसिसला बसावे लागते. काकू डबा घेऊन बाहेर बाकावर बसतात.

आपल्यासारख्या दक्षिण आशियाई घरांत मधुमेहाचे आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे. आणि हा रोग सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. म्हणून इथे मधुमेह असणाऱ्यांची लघवी दरवर्षी तपासतात. आम्हालाही मधुमेह आहे. डॉक्टरांकडून आलेली ती छोटी बाटली आमच्या कपाटात दोन महिने तशीच पडून होती. लाज म्हणा, आळस म्हणा. काकांचे कळले त्याच सोमवारी ती भरून नेऊन दिली. थोडी प्रथिने निघाली. लवकर कळले म्हणून गोळ्या आणि पथ्यावर भागले.

म्हणजे ब्राइट यांची चमच्यातली तपासणीच ती, फक्त आता यंत्रावर होते.

मुलांनो, तुमचा गृहपाठ एवढाच. आज घरी गेल्यावर आईबाबांना आणि आजीआजोबांना मराठीत विचारा : तुम्ही रक्तदाब तपासला का? मधुमेह असेल तर यंदाची बाटली दिली का? कोणाच्या कपाटात ती पडून असेल तर त्यांना गप्प बसू देऊ नका. आणि हो, 'मूत्रपिंड' हा शब्द पुढच्या शनिवारी सर्वांना यायला हवा!